ज्युनो-१०६चा एक सूर मधेच गप्प होतो: सहा आयसी मागवण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. काका गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रात वाजवायचे तो रोलँड ज्युनो-१०६ सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) बरीच वर्षं माळ्यावर पडून होता. आता खाली काढून लावला, तर वाजवताना मधेच एखादा सूर येतच नाही, एखादा खरखरतो, आणि हे कधी या पट्टीवर होतं तर कधी त्या. एका मेकॅनिकने झाकण न उघडताच सांगितलं की सहाही व्हॉइस आयसी (आतल्या सूर घडवणाऱ्या चिप) गेलेत, परदेशातून मागवा. ते मागवावेत का, आणि गणपतीच्या आत काम होईल का, असं तुम्ही विचारलंय.

आज मागवू नका. कदाचित एकच लागेल, कदाचित एकही लागणार नाही. पण सहाही बदलणं हेच तुमच्यासाठी योग्य, असंही शेवटी ठरू शकतं. ते ठरवायला दोन संध्याकाळ, एक मल्टिमीटर आणि थोडा धीर पुरतो. मी पुण्यात गेली बावीस वर्षं ऑर्गन आणि जुने सिंथ दुरुस्त करते. माझ्याकडे आलेल्या ज्युनोंमध्ये आयसी खरोखर गेलेले असतातच. पण 'सगळे गेलेत' असं सांगून पाठवलेल्या वाद्यात भलतंच काही निघाल्याचंही मी अनेकदा पाहिलंय. कुठला आयसी घ्यायचा हा प्रश्न नंतरचा. आधी सिग्नल नेमका कुठे अडतोय ते शोधायचं.

दोष एका पट्टीवरून दुसरीवर का पळतो, ते आधी समजून घ्या. पेटीत प्रत्येक पट्टीला तिचा स्वतःचा सूर असतो. पांढरी तीन खरखरली तर तिच्याखालचा सूर खराब, विषय संपला. ज्युनोत पट्टीला स्वतःचा सूर नसतो. आत सहा व्हॉइस, म्हणजे सूर वाजवणारे सहा स्वतंत्र भाग असतात आणि तुम्ही पट्टी दाबली की आतला प्रोसेसर मोकळ्या असलेल्या व्हॉइसला काम देतो. पहिली पट्टी पहिल्या व्हॉइसला, दुसरी दुसऱ्याला, सातवी पुन्हा पहिल्याला. त्यामुळे एक व्हॉइस बिघडला की दर सहावा सूर बिघडतो, मग तुम्ही कुठलीही पट्टी दाबा. याउलट दोष कायम त्याच एका पट्टीवर येत असेल, तर व्हॉइसचा काही संबंध नाही. तिच्याखालचा रबरी कॉन्टॅक्ट मळलाय, तो साफ करायचा. तुमच्या वर्णनावरून दोष फिरता आहे, म्हणून व्हॉइसकडेच बघू.

पण काहीही करण्याआधी काकांचे पॅच, म्हणजे त्यांनी जुळवून साठवलेले आवाज, वाचवा. हे मी कळकळीने सांगते. ज्युनो-१०६मध्ये १२८ पॅच साठतात आणि ते आत सोल्डर केलेल्या एका सीआर२०३२ सेलवर जिवंत राहतात. सेल काढला किंवा संपला की सगळं पुसलं जातं. मागे टेप मेमरीचा जॅक आहे. त्यातून केबल लॅपटॉपच्या ऑडिओ इनपुटला लावा, रेकॉर्डिंग सुरू करा आणि सेव्ह करा. मोडेमसारखा किरकिर आवाज येईल, तोच तुमचा डेटा. फाइल वेव्ह (.wav) ठेवा, एमपीथ्री नको. मग ती परत वाजवून व्हेरिफाय करून बघा. मागचा मेमरी प्रोटेक्ट स्विच मात्र ऑनच ठेवा. एका काकूंनी त्यांच्या यजमानांचा ज्युनो माझ्याकडे आणला होता, तेव्हा सेल आधीच मेलेला होता. वाद्य दुरुस्त झालं, पण त्यांना ऐकायचा होता तो बासरीसारखा पॅच परत आला नाही. ती रुखरुख माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

आणखी एक खबरदारी. वाद्याच्या मागच्या बाजूला लेबलवर लिहिलेलं व्होल्टेज वाचा. वाद्य थेट जपानच्या बाजारातून आलेलं असेल तर ते १०० व्होल्टचं असतं आणि आपल्या २३० व्होल्टला स्टेपडाउनशिवाय लावलं तर ट्रान्सफॉर्मर जळतो. तुमचं चालू होतंय म्हणजे बहुधा ठीक आहे, तरी काका ते कसं लावायचे ते विचारून घ्या.

आता न उघडता करायचं काम. की ट्रान्सपोजचं बटण दाबून धरा आणि तसंच पॉवर ऑन करा. ज्युनो टेस्ट मोडमध्ये जातो आणि पट्टी दाबली की डिस्प्लेवर कुठला व्हॉइस वाजतोय त्याचा नंबर दिसतो. पॉली-१ मोड ठेवा. स्लायडर असे लावा: फक्त सॉ (करवती आकाराची वेव्ह) चालू, सब आणि नॉइझ शून्य, फिल्टर पूर्ण उघडा, रेझोनन्स शून्य, फिल्टरवरचा एन्व्हलप आणि एलएफओ शून्य, कोरस बंद, आणि व्हीसीएचा (आवाजाची पातळी ठरवणाऱ्या भागाचा) स्विच एन्व्हलपवर न ठेवता गेटवर. आपल्याला सगळी सजावट काढून उघडा, सरळ आवाज हवाय. मग मधला सा दाबत राहा, सावकाश, एकच पट्टी. डिस्प्लेवर १, २, ३, ४, ५, ६ असं फिरेल. कागदावर सहा रकाने आखा आणि प्रत्येकाखाली कानाला काय आलं ते लिहा: स्वच्छ, बारीक, खरखर, काहीच नाही, सोडल्यावरही गुणगुणतो. तीन फेऱ्या करा. एका फेरीवर निर्णय घेऊ नका, कारण हे दोष चंचल असतात. मशीन गार असताना एक फेरी आणि अर्धा तास तापल्यावर दुसरी घेतलीत तर फारच चांगलं. पावसाळ्यात खरखरणारा व्हॉइस उन्हाळ्यात शहाण्यासारखा वाजतो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की हवामानही आता मी त्या कागदावर लिहून ठेवते.

समजा चार नंबर गप्प निघाला. आता सॉ बंद करा आणि नॉइझचा स्लायडर वर न्या. पुन्हा तीच पट्टी, चार नंबर येईपर्यंत. चारवर नॉइझ स्वच्छ ऐकू आला, तर त्याचा फिल्टर आणि व्हीसीए जिवंत आहेत, सिग्नल त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीये. म्हणजे दोष वेव्ह तयार करणाऱ्या भागात. नॉइझही आला नाही किंवा तोही खरखरत आला, तर दोष फिल्टर-व्हीसीएमध्ये किंवा त्यांना मिळणाऱ्या कंट्रोल व्होल्टेजमध्ये. या एका स्लायडरने अर्धं बोर्ड यादीतून बाद होतं. कसलाही खर्च नाही, म्हणून हे सगळ्यांत आधी.

हे असं का घडतं, त्यासाठी आतली रचना थोडी सांगते. ज्युनोत सुराचा पाया डिजिटल आहे. ८२५३ नावाचे टायमर एका घड्याळाचे भाग पाडून प्रत्येक व्हॉइसला अचूक ठेका देतात, म्हणून ज्युनो बेसूर होत नाही. त्या ठेक्यावर सॉ, पल्स आणि सब तयार करतो एमसी५५३४ए. असे तीन आयसी आहेत आणि प्रत्येक आयसी दोन व्हॉइस सांभाळतो. तुमच्या कागदावर जोडीतले दोन्ही व्हॉइस एकदम गेलेले दिसले तर पहिला संशय त्याच्यावर. पुढे प्रत्येक व्हॉइसला एकेक ८००१७ए. यातच फिल्टर आणि व्हीसीए दोन्ही असतात. हा खरं तर आयसी नाही, लहानसं बोर्ड आहे. त्यावर फिल्टरचा आयआर३१०९ आणि व्हीसीएचा बीए६६२ बसवून वर काळं रेझिन ओतलंय. १९८४ सालचं ते रेझिन आज त्याच्या पायांमधून विजेची गळती होऊ देतं, आणि खरखर, गप्प होणं, न मिटणारी गुणगुण ही त्याचीच लक्षणं. मेकॅनिकने अंदाज बांधला तो यावरूनच, आणि अंदाज म्हणून तो चुकीचा नाही. फक्त तपासणी झालेली नाही.

एक लक्षण वेगळं ओळखा. दर सहाव्या सुराला सुरुवातीला नुसती 'टक' येत असेल आणि बाकी सूर स्वच्छ असेल, तर व्हीसीएचा ऑफसेट हललाय. त्याचा ट्रिमर (बोर्डावरचा जुळवणीचा छोटा स्क्रू) जुळवायचा, आयसी चांगला आहे.

आता उघडायचं. पॉवर काढून, प्लग भिंतीतून बाहेर. उघडल्यावर पुन्हा चालू करून मोजताना ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला हात नेऊ नका, तिथे २३० व्होल्ट उघडे असतात. तिकडचं काम ज्याला येत नसेल त्याने ते दुसऱ्याकडून करून घ्यावं, यात मी कुठलीही सवलत देत नाही.

पहिलं माप पॉवर सप्लायचं. अधिक १५, उणे १५ आणि ५ व्होल्ट. काळा प्रोब ग्राउंडला, लाल प्रोबने तिन्ही मोजा. मग मीटर एसीवर लावून त्याच ठिकाणी पुन्हा मोजा. काही मिलिव्होल्टच दिसले तर ठीक, त्याहून बरंच जास्त दिसलं तर सप्लायचे मोठे कंडेन्सर सुकलेत. उणे १५ खाली बसलं असेल तर सहाही व्हॉइस वेडेवाकडे वागतात आणि माणूस उगाच सहाही आयसीवर आळ घेतो. कंडेन्सर पुण्यात तापकीर गल्लीत किंवा पासोड्या विठोबाजवळ कुठेही मिळतात, १०५ डिग्रीचे मागा.

सप्लाय चांगला निघाला की माझं सगळ्यांत आवडतं हत्यार: ऐकणारा प्रोब. जुना कॉम्प्युटर स्पीकर घ्या, त्याच्या केबलचं टोक कापा. आतल्या तारेला ०.१ मायक्रोफॅरॅडचा १०० व्होल्टचा पॉलिएस्टर कंडेन्सर सोल्डर करा आणि कंडेन्सरच्या दुसऱ्या पायाला मल्टिमीटरच्या जुन्या वायरीची सुई. बाहेरच्या जाळीला मगरचिमटा, तो ज्युनोच्या ग्राउंडला. कंडेन्सर डीसी अडवतो, आवाज जाऊ देतो. स्पीकरचा व्हॉल्यूम बारीक ठेवा. आता सुई ज्या जागी टेकवाल तिथला सिग्नल ऐकू येतो.

आणि इथे ज्युनो तुमच्या मदतीला येतो. बिघडलेल्या व्हॉइसला पाच चांगली भावंडं आहेत, तीही त्याच बोर्डावर, अगदी शेजारी. तुम्हाला कुठल्या पायावर किती सिग्नल असावा हे पाठ असण्याची गरज नाही. सुई तीन नंबरच्या ८००१७एच्या इनपुटवर टेकवा, ऐका. मग चार नंबरच्या त्याच पायावर. सारखं आलं? आउटपुटवर जा. तीनला आवाज आणि चारला नाही? मग सापडला तो टप्पा. पण इथेच लगेच सोल्डरिंग आयर्न तापवू नका. त्याच आयसीला मिळणारं व्हीसीएचं कंट्रोल व्होल्टेज मीटरने बघा. पट्टी दाबल्यावर तीनवर व्होल्टेज चढतं आणि चारवर हलतच नाही, असं असेल तर आयसी निर्दोष आहे, त्याला वाजायचा हुकूमच मिळत नाहीये. हे व्होल्टेज प्रोसेसरकडून डीएसी (आकड्याचं व्होल्टेज करणारा भाग), मग ४०५१ मल्टिप्लेक्सर (ते पाळीपाळीने वाटणारा आयसी) आणि तिथून सॅम्पल-होल्डच्या (ते धरून ठेवणाऱ्या) ऑप-अँपमार्गे येतं. ४०५१ अगदी साधा, स्वस्त आयसी आहे, तापकीर गल्लीत सहज मिळतो.

याचाच एक अनुभव. एका गृहस्थांनी आणलेल्या ज्युनोत दुसऱ्या कुणीतरी सहाही ८००१७ए बदलून ठेवले होते. सगळे नवे, महागडे. तरी पाच नंबर गप्पच. मी आउटपुट ऐकलं, काही नाही. कंट्रोल व्होल्टेज बघितलं, हलत नव्हतं. उलट मागे जात जात ४०५१पर्यंत पोचले, तिथे व्होल्टेज चढत होतं. म्हणजे मधल्या काही इंचांत ते हरवत होतं. भिंगाखाली बघितलं तर कनेक्टरच्या एका पायाभोवती सोल्डरमध्ये केसाएवढी गोल चीर होती. टोकाने दाबलं की पाच नंबर गाऊ लागायचा, सोडलं की गप्प. ड्राय सोल्डर. जुनं सोल्डर ओढून नवं भरलं, काम संपलं. त्यांचा आधीचा सगळा खर्च वाया गेला होता, आणि शिवाय आयसी काढताना दोन ठिकाणी ट्रॅक उचलले गेले होते, ते मला बारीक तारेने जोडावे लागले. आयर्न हे शेवटचं हत्यार असं मी म्हणते ते यामुळे. चाळीस वर्षं जुन्या बोर्डाला प्रत्येक उष्णतेची किंमत मोजावी लागते.

आता समजा सगळं तपासून दोष खरंच ८००१७एवरच आला. इथून पुढे काय, ते तुमच्या परिस्थितीवर आहे.

पहिला रस्ता, रेझिन काढणे. आयसी न मोडता अख्खा बाहेर काढावा लागतो: प्रत्येक पायाचं सोल्डर पंपाने आणि मग वातीने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या विणीने) पूर्ण ओढा, पाय बोर्डाच्या भोकात मोकळा हलला पाहिजे, ओढाताण नको. मग झाकणाच्या काचेच्या बरणीत शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवा. नेलपॉलिश रिमूव्हर चालत नाही, त्यात तेल आणि रंग असतात. रसायनांच्या दुकानातून आणा. एक ते तीन दिवसांत रेझिन मऊ पडून रबरासारखं सुटतं. खरवडू नका, आत मुंगीएवढे पार्ट आहेत. सुटलं नाही तर आणखी एक दिवस ठेवा. ॲसिटोन झटकन पेट घेतो, म्हणून स्वयंपाकघरात मुळीच नाही, गॅलरीत ठेवा. माझ्या अनुभवात असे धुतलेले बरेच आयसी उत्तम चालतात, पण सगळे नाही. आतला बीए६६२ खराब झाला असेल तर धुऊन तो बरा होणार नाही.

दुसरा रस्ता, नवीन बनवलेला पर्यायी मॉड्युल. हे आज मिळतात आणि चांगले आहेत. या रस्त्याने जाणार असाल तर जुना आयसी वाचवायचा मोह सोडा: त्याचे पाय एकेक करून कटरने तोडा आणि मग एकेक पाय गरम करून चिमट्याने काढा. बोर्डाला सगळ्यांत कमी त्रास यात होतो. जागेवर गोल पिनची सॉकेट पट्टी लावा, म्हणजे पुढच्या वेळी आयर्नच लागणार नाही, आणि दोन व्हॉइसचे मॉड्युल अदलाबदल करून दोष सरकतो का तेही क्षणात बघता येईल. साधी बर्ग फीमेल पट्टी मी टाळते, तिची पकड काही वर्षांत सैल पडते. आयर्न २५ वॅटचं सोल्ड्रॉन पुरतं, सोल्डर शिसं असलेलं ६०-४०.

एकच बदलायचा की सहाही? घरी वाजवायचा असेल तर मी फक्त गेलेला बदलते आणि बाकीच्यांना हात लावत नाही. मांडवात, स्टेजवर न्यायचा असेल तर माझा सल्ला वेगळा. सहाही एकाच वयाचे आहेत, आज चार नंबर, उद्या दोन. भर कार्यक्रमात खरखर नको असेल तर सहाही एकाच बैठकीत काढून सॉकेट लावून घ्यावेत. मेकॅनिकने सांगितलं तेच झालं की, असं तुम्हाला वाटेल. फरक हा की आता तुम्हाला माहीत आहे की सप्लाय, ४०५१ आणि कनेक्टर ठीक आहेत, आणि नवे मॉड्युल बसल्यावर वाद्य नक्की वाजणार आहे. परदेशातून मागवायचे तर कस्टम ड्युटी आणि वाटेतले आठवडे धरून चाला. गणपतीच्या आत हवं असेल तर ॲसिटोनचा रस्ता जास्त भरवशाचा, कारण तो तुमच्या हातात आहे.

आयसी बसला म्हणजे झालं नाही. प्रत्येक व्हॉइसला फिल्टरची फ्रिक्वेन्सी, विड्थ, रेझोनन्स, व्हीसीए ऑफसेट आणि गेन यांचे स्वतंत्र ट्रिमर असतात. नवा मॉड्युल भावंडांशी जुळवला नाही तर आवाज येईल, पण दर सहावा सूर जरा उघडा किंवा जरा बोदा लागेल, आणि पॅड (लांब धरलेले सूर) वाजवताना ते कानाला सतत टोचेल. सर्व्हिस मॅन्युअलमधले आकडे समोर ठेवून, त्याच टेस्ट मोडमध्ये, मशीन तासभर तापल्यावर हे करायचं. ट्रिमर फिरवण्याआधी त्याची मूळ जागा पेनाने खूण करून ठेवा आणि फोटो काढा. ऑसिलोस्कोप नसेल तर सॉ, सब आणि नॉइझ बंद करा, फिल्टर मधोमध ठेवा आणि रेझोनन्स पूर्ण वर न्या. फिल्टर स्वतःच शीळ घालू लागतो, आणि सहाही शिळा कानाने एका सुरात आणता येतात. ज्याला तंबोरा जुळवता येतो त्याला हे जमतं. काका पेटीवाले किंवा कीबोर्डवाले असतील तर या कामाला त्यांनाच बसवा.

तुमच्यासारखा प्रश्न दुसऱ्या वाद्याबद्दलही विचारला जातो, म्हणून दोन ओळी. कॉर्ग पॉलिसिक्स हा सिंथ असेल तर आधी केएलएम-३६७ बोर्डावरची निकेल-कॅडमियम बॅटरी बघा. ती गळून आजूबाजूचे ट्रॅक खाते आणि वरून दोष व्हॉइसचा वाटतो. ती गळती अल्कली असते, पांढऱ्या व्हिनेगरने आधी ती मारायची, मग आयसोप्रोपिलने धुवायचं, नुसतं पुसून चालत नाही. प्रॉफेट-५ या सिंथच्या तिसऱ्या आवृत्तीत सीईएम मालिकेचे आयसी सॉकेटमध्ये असतात, तिथे दोन व्हॉइसचे सीईएम३३२० (फिल्टरचे आयसी) अदलाबदल करून दोष सरकतो का बघणं ही पहिलीच पायरी.

तुम्ही आज एवढंच करा: पॅच रेकॉर्ड करून ठेवा, सहा रकान्यांचा कागद भरा आणि गप्प असलेल्या व्हॉइसवर नॉइझ येतो की नाही ते बघा. नंबर आणि नॉइझचं उत्तर कळवलंत की झाकण उघडल्यावर सुई पहिल्यांदा कुठे टेकवायची ते मी सांगते.